जुन्या रंगाची धूळ आणि पुरवणीतला सल्ला

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीत दिवाळीपूर्वी जुन्या घराला नवे रूप देण्याविषयी जो लेख आला आहे, त्यात दारे-खिडक्यांचा रंग लाकूड दिसेपर्यंत कोरडा घासून काढावा आणि चिवट असेल तर ब्लो-लॅम्पच्या ज्योतीने जाळावा, असा सल्ला दिला आहे. लेखाची मांडणी आणि छायाचित्रे सुरेख आहेत, यात वाद नाही. परंतु आजोबांच्या काळच्या ऑइल पेंटमध्ये शिसे असण्याचा दाट संभव असतो, एवढे एक वाक्य पाऊण पानात बसू नये आणि त्याच पानाच्या तळाशी ‘मुलांसाठी सुरक्षित’ रंगाची जाहिरात मात्र ऐसपैस बसावी, याचे मला नवल वाटले.

आमचे मल्हारगंजातील घर स्वातंत्र्याच्या आधीचे आहे. सागवानी जिना, गजांच्या खिडक्या आणि कठड्यावर रंगाचे किती थर आहेत ते कोणालाच ठाऊक नाही. गेल्या उन्हाळ्यात पुतण्याने त्याच्या वाट्याच्या भागाचे काम काढले, तेव्हा कंत्राटदाराने ‘धूळविरहित’ घासकामाचे वेगळे पैसे लावले. यंत्राला धूळ ओढणारी पिशवी होती, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. फक्त ती खालून फाटलेली असून सुतळीने आवळलेली होती. कठड्याचा हिरवा थर गेला, त्याखालचा पिवळा गेला, मग पांढरा लागला, आणि त्या त्या रंगाची भुकटी सामाईक जिन्यावर आणि आमच्या गच्चीत वाळत घातलेल्या कुरडयांवर बसत राहिली. कुरडया टाकून देता आल्या. पण जिन्याच्या पायऱ्या धरून उभा राहायला शिकणारा आणि प्रत्येक बोट तोंडात घालणारा आमचा नातू टाकून देता येत नाही. मी हटकले, तर उत्तर मिळाले, “काका, मिट्टी ही तो है, झाड़ू से निकल जाएगी.” मग खरोखरच कोरडा झाडू फिरवण्यात आला आणि बसलेली धूळ पुन्हा उडाली.

पुढे महिनाभरात पोराची भूक गेली, पोट साफ होईना, किरकिर थांबेना. बालरोगतज्ज्ञांनी पहिला प्रश्न विचारला तो घरात रंगकाम चालू आहे का, हा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार रक्तात डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे आढळल्यास ते कोठून येते याचा शोध घेऊन ते थांबवायचे असते, आणि नातवाच्या रक्ततपासणीतला आकडा त्याच्या बराच वर होता. हा अहवाल कंत्राटदारासमोर ठेवला, तेव्हा त्याने शांतपणे नव्या रंगाचा डबा फिरवून त्यावरील ‘शिसेविरहित’ हा शिक्का मला दाखवला. डब्याविषयी माझी तक्रार नव्हतीच!

आपल्याकडील नियमाची मर्यादा नेमकी येथे आहे. २०१६ साली अधिसूचित झालेल्या आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झालेल्या नियमाने घरगुती व सजावटीच्या रंगातील शिसे दहा लाख भागांत ९० भागांवर आणले, हे उत्तमच झाले. परंतु तो नियम नव्या डब्याचा आहे. भिंतीवर, दारावर, कठड्यावर आधीपासून असलेल्या, पांढऱ्या रंगातील शिशाच्या सफेत्याचा, पिवळ्या-हिरव्या रंगांतील शिशाच्या क्रोमेटचा किंवा गजांवर गंज चढू नये म्हणून लावलेल्या, शिशाच्याच लाल शेंदराचा तो नव्हे. साध्या चुन्याच्या भिंतीचे भय नाही. भय आहे ते ऑइल पेंटचे, आणि त्यातही जेथे झडप चौकटीला घासते तेथे तर यंत्राविनाही भुकटी पडत असते. मोठ्या माणसापेक्षा लहान मुलाचे शरीर गिळलेल्या शिशापैकी चार ते पाच पट अधिक शिसे शोषून घेते, म्हणून ‘आम्हाला काय झाले’ हा वडीलधाऱ्यांचा युक्तिवाद गैरलागू आहे.

अमेरिकेत १९७८ पूर्वीच्या घरांत पैसे घेऊन दुरुस्ती करणाऱ्यांसाठी एप्रिल २०१० पासून स्वतंत्र नियम लागू आहे. खोलीच्या आतील सहा चौरस फुटांहून अधिक रंगवलेला भाग उकरायचा असेल, तर प्रमाणपत्रधारक कंत्राटदार लागतो, काम सुरू होण्यापूर्वी राहणाऱ्यांना माहितीपुस्तिका द्यावी लागते आणि जागा प्लॅस्टिकने बंद करावी लागते. उघड्या ज्योतीने रंग जाळणे, ११०० अंश फॅरनहाइटवरील गरम हवेची बंदूक वापरणे आणि बारीक धूळ अडवणाऱ्या हेपा गाळणीच्या जोडणीशिवाय यंत्राने घासणे यांना बंदी आहे. म्हणजे आपल्या लेखातील ब्लो-लॅम्प तेथे थेट नियमभंग ठरला असता. काम संपल्यावर ओल्या पांढऱ्या फडक्याने जमीन पुसून ते फडके एका नमुना-कार्डाशी ताडून पाहतात आणि त्याहून मळके निघाले तर पुन्हा सफाई करावी लागते. यासाठी कोणते महागडे विज्ञान लागते, ते मला समजलेले नाही. फडके आमच्याकडेही होते.

जाता जाता एक गोष्ट लिहितो. मागील वर्षी मी पाठवलेल्या पत्रातील तक्रारीचा भाग गाळून केवळ आरंभीची स्तुती छापण्यात आली होती. या वेळी जागा कमी पडल्यास कृपया छायाचित्रांविषयीचे माझे वाक्य गाळावे.

येत्या रविवारी त्याच पानावर, तितक्याच ठळक अक्षरांत, जुना ऑइल पेंट कोरडा घासू अथवा जाळू नये, निघतच असेल तर पाणी मारून ओला खरवडावा, खाली प्लॅस्टिक अंथरून भुकटी त्यातच गुंडाळावी, झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसावे आणि काम चालू असेपर्यंत लहान मुले व गर्भवती स्त्रिया यांना त्या भागापासून लांब ठेवावे, एवढे छापावे ही विनंती. ते त्याच्या पुढच्या रविवारवर ढकलू नये. दसरा उलटला की घराघरांत घासकाम सुरू झालेले असते.

आपला,
एक जुना वाचक
मल्हारगंज, इंदूर