चि. शुभदास

शहापूर, बेळगाव

चि. शुभदा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी विहिरीच्या धोक्यावरून आपला वाद झाला आणि ‘बाबा, आता पुरे’ म्हणून तू फोन ठेवलास, म्हणून हे पत्र लिहीत आहे. राजमहेंद्रीच्या ऑफिसातून तुला प्रत्यक्ष रिगवर, तेही वेल कंप्लिशनच्या, म्हणजे खोदलेली गॅसची विहीर उत्पादनाला तयार करण्याच्या, कामावर पाठवणार असल्याचे कळताच आईने देवापुढे साखर ठेवली आणि मी बीओपी, म्हणजे विहिरीच्या तोंडावरची उसळता गॅस अडवणारी मोठी झडप, कधी काढतात ते विचारले. आम्हा दोघांचे स्वभाव तुला ठाऊक आहेतच. खानापूरच्या आत्यांचे म्हणणे मनावर घेऊ नकोस. दादाच्या वेळीही त्या असेच बोलल्या होत्या.

तू पाठवलेली आकृती मी चष्मा लावून पुन्हा पुन्हा पाहिली. खोदाई संपून केसिंग, म्हणजे विहिरीचा बाहेरचा पोलादी पाइप, सिमेंटने पक्के झाले तरी विहीर उत्पादनाला तयार नसते, हे मला नवीन होते. विहिरीत सोडलेल्या गनमधल्या स्फोटकांनी केसिंग आणि सिमेंट भेदून गॅसच्या थराकडे वाट काढायची, आत ट्यूबिंग, म्हणजे गॅस वर आणणारा पाइप, सोडायचे, ट्यूबिंग आणि केसिंग यांच्यामधली पोकळी पॅकरने बंद करायची, आणि वर हँगरवर सारा भार टांगून ख्रिसमस ट्री, म्हणजे तोंडावरच्या झडपांची जुळणी, बसवायची, एवढा क्रम माझ्या डोक्यात बसला. पॅकरचे पोलादी दात केसिंगला धरतात आणि रबर फुगून फट बुजवते, हे तर चित्रावरूनच कळले. खोलवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह मला सर्वांत आवडला. बारीक नळीतून येणारा तेलाचा दाब त्याला उघडा ठेवतो आणि तो दाब गेला, नळी तुटली, वरचे सगळे उडून गेले, तरी स्प्रिंग त्याची झडप आपोआप मिटवते. उद्यमबागेतल्या वर्कशॉपमध्ये आयुष्यभर हायड्रॉलिकचे सिलिंडर केलेल्या माणसाला अशी रचना पाहून बरे वाटते. तरीही झडप मिटली म्हणजे गॅस पूर्ण थांबला असे धरून चालू नकोस.

ट्यूबिंगच्या आट्यांविषयी मात्र मला बोलू दे, कारण आटे पाडण्यातच माझे हात झिजले. साध्या गोल आट्यांत फटी राहतात आणि त्या ग्रीससारख्या डोपने बुजवाव्या लागतात. म्हणूनच गॅसच्या विहिरीत धातूवर धातू घट्ट बसून सील होणारे जोड वापरतात. असा जोड आवळताना टॉर्कचा, म्हणजे आवळण्याच्या जोराचा, आलेख शेवटी सरळ चढला पाहिजे. तो कुठे वाकडातिकडा वाटला, तर जोड उघडून पाहा, मागचे लोक कितीही खोळंबले तरी.

हे लिहिताना तू शाळेत असताना शनिवारी वर्कशॉपमध्ये यायचीस ते आठवले. टेस्ट बेंचवर सिलिंडर चढवला की मी तुला पोलादी पत्र्यामागे उभी करायचो आणि तू तिथून मान काढून गेजचा काटा मोठ्याने वाचायचीस. एकदा काटा किंचित उतरला, तो माझ्याआधी तुला दिसला. ती गोष्ट मी अजून लोकांना सांगतो, तुझ्या आईला ती पाठ झाली आहे. पण तिथे आत तेल होते. तेलाचा दाब फट पडताच उतरतो. दाबलेला गॅस मात्र फट मिळाली की फैलावतच राहतो.

पुन्हा तिथेच आलो. वादाचा शेवट ज्या बागजानवर झाला, त्याचे नाव घ्यायचे नाही असे ठरवले होते. आसामातल्या त्या विहिरीतून २७ मे २०२० रोजी वर्कओव्हर, म्हणजे जुन्या विहिरीची दुरुस्ती, चालू असताना गॅस उसळला, ९ जूनला तिने पेट घेतला, आग विझवणारे दोघे जण गेले आणि ती नोव्हेंबरात ताब्यात आली. तुझ्याच गोदावरीकडची पासर्लापुडीची विहीर १९९५ च्या जानेवारीत पेटली, ती मार्चपर्यंत जळत होती. तुला घाबरवावे म्हणून हे लिहीत नाही. बीओपी काढून ट्री बसवेपर्यंतच्या वेळात विहिरीच्या तोंडावर वरून काहीच नसते, सगळा भरवसा आतल्या बॅरिअरांवर, म्हणजे गॅस रोखून धरणाऱ्या अडथळ्यांवर, असतो, आणि नेमकी तेव्हाच सगळ्यांना घाई असते. विहिरीत भरलेल्या खाऱ्या पाण्याचा स्तंभ हा एक बॅरिअर खरा, पण छिद्रांतून थर पाणी पिऊ लागला की तो स्तंभ खाली जातो. म्हणून दुसरा हवा, आणि त्याच्या चाचणीचा चार्ट तू स्वतः पाहिलेला हवा. ‘झाली आहे, सही कर’ असे कोणी म्हणाले तर सही करू नकोस. तो वयाने मोठा असेल, तुला मुलगी म्हणून हसेलही, हसू दे.

हे व्याख्यान झाले, त्याबद्दल रागावू नकोस. तू शिकलेली इंजिनियर आहेस, मी आटे पाडणारा माणूस. आईने मेतकूट आणि लोणचे पाठवले आहे. हॉटेलात जेवत बसू नकोस.

तुझा,
बाबा

ता. क. हँगरमध्ये बसवायचा बॅक प्रेशर व्हॉल्व्ह खालचा दाब अडवतो, पण वरून पंप केले तर वाट देतो, असे तू सांगितलेस. मग वरून दाब देऊन त्याची परीक्षा होणार नाही. तो खालून खरोखर धरतो आहे, हे तुमच्याकडे कसे तपासतात, ते सवडीने लिही.