फ्रीजचा गॅस संपत नसतो हो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी तुमचा पेपर उघडला तर पहिलं पान म्हणजे फ्रीजची जाहिरात, उलटलं तर मागे पण फ्रीजच, जुना द्या नवा न्या, हप्ते बिनव्याजी. माझी हरकत नाही, पेपर चालवायचा तर जाहिराती लागणारच. पण त्याच पानाच्या कोपऱ्यात चार बोटं जागा काढून जुना फ्रीज खरंच गेलाय की नुसताच रुसलाय ते घरच्या घरी कसं बघायचं एवढं छापलंत तर लोकांचे पैसे वाचतील. माझे वाचले नाहीत म्हणून लिहितेय.

आम्ही विक्रोळीला कन्नमवार नगरात राहतो. फ्रीज दोन दरवाजांचा, फ्रॉस्ट फ्री म्हणजे आतला बर्फ आपोआप वितळवणारा, आठ वर्षं जुना. गौरी येणार त्याच्या दोन दिवस आधी सकाळी चहाला दूध तापवलं तर फाटलं. वर फ्रीजरमध्ये आइस्क्रीम दगडासारखं, बर्फाचे खडे व्यवस्थित, आणि खाली मात्र कालची आमटी कोमट, कोथिंबीर मलूल. घरात पाहुणे येणार, नारळ खवून ठेवलेले, माझा जीव टांगणीला. गेटवर स्टिकर चिकटवलेला होता त्या नंबरवर फोन केला. तो आला, खालचा दरवाजा उघडला, हात आत घातला, दोन मिनिटं झाली नसतील, फ्रीज पुढे ओढून मागे बघणं तर सोडाच, लगेच म्हणतो, मॅडम गॅस गया है, भरना पडेगा. ३,२०० रुपये. सणाचे दिवस, मी कसली घासाघीस करतेय, दिले. तीन-चार तास फ्रीज बंद ठेवून त्याने मागे काहीतरी केलं आणि गेला. चार दिवस छान चालला, गौरी जेवल्या, आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी परत तेच, वर बर्फ आणि खाली भट्टी. फोन लावला तर आधी उचलेना, मग लागेचना.

आमच्या तळमजल्यावर एक काका राहतात, पूर्वी भाऊच्या धक्क्याला बर्फाच्या कारखान्यात होते. त्यांना सांगितलं तर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "अगं, फ्रीजरमध्ये बर्फ होतोय ना? मग गॅस गेला कुठे?" मी गप्पच. वर आले, फ्रीजरच्या आतल्या मागच्या पांढऱ्या प्लास्टिकला कान लावला आणि मला म्हणाले ऐक. आत खर्र खर्र आवाज, जसं काही सायकलच्या चाकात पुठ्ठा अडकवलाय. त्या प्लास्टिकच्या फटींतून भुसभुशीत बर्फ डोकावत होता तो मला आठ वर्षांत कधी दिसला नव्हता, कारण मी कधी बघितलाच नव्हता.

मग त्यांनी समजावलं ते असं. फ्रॉस्ट फ्री मध्ये गार करणारी कॉइल त्या प्लास्टिकच्या मागे असते आणि एक छोटा पंखा तिथली गार हवा खाली ढकलतो. कॉइलवर बर्फ साठणारच, म्हणून ठराविक वेळाने एक हीटर आपोआप चालू होऊन तो वितळवतो. हीटर किंवा त्याचा सेन्सर बिघडला की बर्फ वाढत जातो, हवेची वाट बंद होते, पंखा बर्फाला घासायला लागतो. वर गार, खाली गरम. गॅसचा याच्याशी संबंध नाही. आणि माझे ते चार दिवस कसे चालले तर त्या माणसाने फ्रीज तीन-चार तास बंद ठेवला तेवढ्यात थोडा बर्फ आपोआप वितळला म्हणून. म्हणजे मी ३,२०० रुपये प्लग काढून ठेवल्याचे दिले!

काकांच्या सांगण्यावरून सगळं सामान शेजारी हलवून फ्रीज पूर्ण २४ तास बंद, दोन्ही दारं उघडी, खाली जुने टॉवेल, समोर टेबल फॅन. नंतर तीन आठवडे एकदम नव्यासारखा चालला आणि हळूहळू परत खाली कोमट. काका खूश, म्हणाले हाच पुरावा, असं वितळवून काही दिवस बरा होतो आणि परत बसतो म्हणजे डीफ्रॉस्टचीच, बर्फ वितळवण्याचीच गडबड. त्यांच्या ओळखीच्या मुलाने हीटर आणि सेन्सर बदलला, ९५० रुपये, आणि जुने पार्ट माझ्या हातात ठेवून गेला.

गॅसचं एक मला मुद्दाम लिहायचंय कारण हा शब्द ऐकला की आपण पाकीट उघडतो. फ्रीजमधला गॅस हा काही शेगडीच्या सिलिंडरसारखा वापरून संपत नाही. बंद नळ्यांमध्ये तोच तो गोल फिरत राहतो. तो कमी झाला तर कुठेतरी गळतोय, आणि गळती न शोधता नुसता भरला तर महिन्या-दोन महिन्यांत परत जाणार. खरं काम म्हणजे गळती शोधायची, जोड बुजवायचा, फिल्टर बदलायचा, व्हॅक्यूम करायचा म्हणजे नळ्यांतली हवा ओढून काढायची, मग वजन करून गॅस भरायचा. हल्लीच्या फ्रीजमध्ये आर-६००ए नावाचा गॅस असतो, तो अगदी थोडे ग्रॅमच असतो पण पेट घेणारा आहे, मागे खाली गॅस फिरवणारा कॉम्प्रेसर असतो त्याच्याजवळ तसं स्टिकर असतं. तेव्हा आपल्या इथल्या एवढ्याशा किचनमध्ये खिडकी बंद ठेवून शेजारी शेगडी पेटलेली आणि कोणी फ्रीजच्या मागे ज्योतीच्या टॉर्चने जोड तापवायला बसला तर त्याला आधी थांबवा. आणि गॅस खरंच गेलेला कसा ओळखायचा तर कॉम्प्रेसर न थांबता घरघरतोय पण फ्रीजरमध्येही बर्फ धरत नाही, किंवा सिंगल डोअरला फ्रीजरच्या एकाच कोपऱ्यात पांढरं होतंय आणि बाकी कोरडं.

सिंगल डोअरवाल्यांनो, बर्फ सुरीने खरवडू नका. आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलीने मासे चिकटले म्हणून सुरी घातली, नळीला भोक पडलं, फुस्स आवाज आला, संपलं. तिथे खरोखरच गॅस गेला.

दुसरी तक्रार म्हणजे भाजीच्या ट्रेखाली पाणी. ह्याला पण लोक मेकॅनिक बोलवतात. वितळलेलं पाणी एका बारीक नळीने मागे कॉम्प्रेसरच्या वरच्या ट्रेत जातं, त्या नळीच्या भोकात कोथिंबिरीची काडी नाहीतर कसला तरी चिकटा बसला की पाणी आत साचतं. औषधाची सिरिंज घ्यायची (सुई काढून हो), कोमट पाणी दोन-तीनदा जोरात मारायचं. आणि तो मागचा ट्रे बघितलाय का कधी? पावसाळ्यात पालिकेची माणसं डासांच्या अळ्या बघायला घरी येतात तेव्हा फुलदाणी आणि मनीप्लांटच्या बाटलीनंतर फ्रीजचा ट्रेच मागतात. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. माझ्या ट्रेत काय होतं ते मी इथे लिहीत नाही, नुकताच चहा झालाय.

दाराचं रबर. दहाची नोट दारात धरून दार बंद करायचं आणि ओढायची, सहज सरकली तर तिथून गार हवा जातेय. चारी बाजूंनी बघायचं. आपल्या मुंबईच्या दमट हवेत त्या रबराच्या घडीत काळी बुरशी धरते आणि दार नीट बसत नाही, साबणाचं कोमट पाणी आणि जुना टूथब्रश, बस. रबर वाकडं झालं असेल तर गरम पाण्यात भिजवलेल्या फडक्याने शेकून हाताने सरळ करता येतं. रबर बदलायचं म्हणजे फ्रीज बदलायचा नव्हे. तसंच दार लावल्यावर आतला दिवा बंद होतो का ते बघा, दाराच्या चौकटीतलं बटण बोटाने दाबलं की दिवा विझला पाहिजे, नाहीतर रात्रभर आत दिवा जळतोय आणि आपण कूलिंग वाढवतोय. त्या कूलिंगच्या चक्रीवर आकडा मोठा म्हणजे गार जास्त, माझ्या जाऊबाई कित्येक वर्षं उलटं समजत होत्या. खालच्या भागात साधारण ४ अंश आणि फ्रीजरमध्ये उणे १८ हवं. ग्लासभर पाण्यात थर्मामीटर बुडवून रात्रभर खालच्या कप्प्यात ठेवला की कळतं, पण तापाचा थर्मामीटर नको, तो तेवढा खाली जात नाही.

लाइट जाऊन आली की लगेच फ्रीज चालू नका करू, पाच मिनिटं जाऊ द्या. १२ ऑक्टोबर २०२० ला अख्ख्या मुंबईची लाइट गेली होती तेव्हा आमच्या मजल्यावर लाइट येताक्षणी सगळ्यांनी खटाखट बटणं दाबली होती. मागून दर काही मिनिटांनी टक्क आवाज येऊन परत शांत होत असेल तर बऱ्याचदा रिले (कॉम्प्रेसर सुरू करून देणारा पार्ट) नाहीतर ओव्हरलोड (तो फार तापला की बंद करणारा पार्ट) गेलेला असतो, किंवा व्होल्टेज कमी असतं, कॉम्प्रेसर मेला असं लगेच समजू नका. रिले-ओव्हरलोड हे स्वस्त पार्ट आहेत. फ्रीजच्या बाजू गरम लागतात ते मात्र बहुतेक मॉडेलमध्ये नॉर्मल, आत उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या असतात. म्हणून तर भिंतीपासून चार बोटं अंतर लागतं, आणि आपण काय करतो, एका बाजूला कपाट, दुसऱ्या बाजूला शेगडी, वर भरतकामाचं कव्हर आणि त्याच्यावर लाइटबिलं, गोळ्या, गणपतीची आरतीची ताटली. जागाच नाही हो, मला पण माहितीये.

फ्रीजला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर मात्र ह्यातलं काहीही न करता मेन बंद करा आणि वायरमन बोलवा. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, मी लावला नाही कारण माझ्याकडे पावतीच नव्हती. सणाच्या गडबडीत मागायची राहिली.

तर संपादक साहेब, दिवाळीच्या सेलच्या पानावर चार बोटं जागा मिळते का बघा.

आपली,
एक वाचक, विक्रोळी (पूर्व)

ता.क. मागचा ट्रे काढताना आधी प्लग काढा आणि फ्रीज थोडा वेळ थंड होऊ द्या. मी प्लग काढला पण थांबले नाही, कॉम्प्रेसरला हात टेकला, करंगळीला अजून फोड आहे.