त्या पोराची टेस्ट झाली का

गुड्डी,

फोन तू उचलत नाहीस म्हणून व्हॉट्सॲपवर लिहितो. लांब होईल, रिकामी झाली की वाच. भांडायला लिहीत नाही हे आधीच सांगतो. तू ज्याच्याशी लग्न करणार तो पोरगा चांगला आहे, साकोलीचा असो की कुठचा, मी नाही म्हटलेलं नाही. मला एवढंच विचारायचं होतं की त्याची सिकलची, म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आजाराची, टेस्ट झाली का. विचारून झालं. आता पुन्हा नाही विचारत.

परवा तू म्हणाली "जाऊ द्या ना बाबा, नशिबात असेल ते होईल" आणि फोन ठेवला. तेव्हापासून कापूस वेचता वेचता तेच डोक्यात आहे. आपल्या घरात हे आजी म्हणायची, भाजी करपली तरी नशीब. अन आजोबा चिडायचे, "नशीब मी 56 साली नागपुरात सोडून आलो, तू वापस घेऊन आली का वं?" 14 ऑक्टोबरला ते त्या गर्दीत होते हे तू शंभरदा ऐकलं आहे. आपल्याकडं पत्रिका नाही, गुण जुळवणं नाही, आणि तू बी.एस्सी. झालेली पोरगी पुण्यात बसून नशीब म्हणते.

बघ, लेक्चर सुरू झालं. माफ कर. तू ते रागात म्हणाली आणि राग माझ्यावर आहे, तो बरोबरच आहे.

तू आठवीत असताना शाळेत कॅम्प आला होता. बोटाला टोचून थेंब घेतात, नळीतल्या पाण्यात टाकतात, नळीच्या मागं काळ्या रेषांचा कागद धरतात. रेषा दिसल्या तर ठीक. तुझ्या नळीत गढूळ झालं, एकही रेष दिसेना, मी तिथंच उभा होतो. मग दुसरं रक्त घेतलं आणि काही दिवसांनी कागद आला, एएस. म्हणजे आपण म्हणतो ते हाफ, आजार नाही, नुसतं रक्तात आहे. आत्याचा विक्की फुल होता, म्हणजे आजारच होता. त्याला जाऊन तेव्हा दीड महिना झाला होता अन आत्या आपल्याच घरी होती. मी कागदाची घडी केली आणि सातबाऱ्याच्या फाइलीत टाकून दिली. म्हटलं पोरीला काही त्रास नाही, गावात कळलं तर सोयरीक येणार नाही, पुढचं पुढं पाहू. बारा-तेरा वर्षं ती फाइल मी दर कर्जाला काढतो, त्यामुळं विसरलो असं नाही म्हणता येत. तुझ्या आईलाही परवाच कळलं. दोन दिवस बोलली नाही, ताट वाढून आत निघून जायची.

विक्कीचं तुला सांगायची गरज नाही, पण मला रात्री तोच दिसतो. पौषात थंडी पडली की त्याचं सुरू व्हायचं, मांडीच्या हाडात कळ, दोन-दोन वाजता आई चुलीवर विटा तापवून फडक्यात गुंडाळायची आणि शेकत बसायची. डोळे हळदीसारखे. डॉक्टरनं पाणी भरपूर पी म्हटलेलं म्हणून दप्तरात दोन बाटल्या, तर पोट्टे त्याला टँकर म्हणत अन तोच सगळ्यात जास्त हसायचा. तुझ्याहून दोन वर्षांनी मोठा, पण सायकल तू चालवायची आणि तो मागं. तो गेला तेव्हा मी आत्याला म्हटलं, त्याचं तेवढंच लिहिलं होतं. ती माझ्याकडं नुसती पाहत राहिली. तिची सोयरीक मीच जमवली होती ना. दारू नाही, पाच एकर ओलिताची, सगळं पाहिलं. रक्त पाहायचं असतं हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं, पण ते दुःख मी ज्या नशिबाच्या अंगावर ढकललं त्याला आपल्या घरात जागाच नव्हती.

2023 च्या जुलैत सरकारनं सिकलचं मिशन काढलं, 2047 पर्यंत संपवणार म्हणतात. आशाताई आली तेव्हा म्हटलं माझंही घे. ती म्हणे काका, 40 च्या आतलेच घ्यायचे आहेत. मग तालुक्याला जाऊन केली. मी हाफ. तुला माझ्याकडूनच आलं असणार. आजी असती तर मागच्या जन्मीचं पाप म्हणाली असती. तिथला डॉक्टर म्हणे पाप कसलं, हाफवाल्याला जंगलातला मलेरिया तेवढा घातक होत नाही, म्हणून तर हे रक्त आपल्या पट्ट्यात टिकलं.

दोघं हाफ असले तर लेकरू फुल व्हायची शक्यता चारात एक, असंही त्यानं सांगितलं. मला वाटलं चार लेकरांत एक. तसं नाही. लहानपणी आम्ही चिंचोके फोडून दगडावर घासायचो, एक बाजू पांढरी, एक काळी, चंगा खेळायला. दोघं हाफ असले तर दर लेकराला असे दोन चिंचोके पडतात. दोन्ही पांढरे पडले की फुल, विक्की. मागच्या वेळी काय पडलं त्याचा पुढच्या वेळेशी संबंध नाही. पण एकाचं रक्त साफ असलं तर त्याचा चिंचोका दोन्हीकडून काळा, कितीही फेका, दोन पांढरे येतच नाहीत. कसे पडतील ते आपल्या हातात नाही गुड्डी, कबूल. कोणते चिंचोके घेऊन बसलो ते तर बघता येतं.

वर्षावासात विहारात वाचन चालतं, त्यात मक्खली गोसाल येतो, बुद्धाच्या काळचा एक गुरू. तो म्हणे सुताचा गुंडा फेकला की सूत संपेपर्यंत उलगडत जातो, तसं माणसाचं, करून काही होत नाही. बुद्धाला ते अजिबात पटलं नाही. मी मान हलवून घरी येतो अन बोंडअळीला नशीब म्हणतो. 2017 ला अळीनं कापूस खाल्ला तेव्हाही म्हटलं, आणि बीटीच्या थैलीतली ती साध्या सरकीची पुडी, अळीला बीटी पचू लागू नये म्हणून शेताच्या कडेनं लावायची, ती दरवर्षी उकिरड्यावर फेकणारा मीच. तेव्हा तुला कोणत्या तोंडानं शिकवू.

त्याचा हाफ निघाला तरी लग्न मोडा असं मी म्हणणार नाही. दिवस गेल्यावर दहा-बारा आठवड्यांत पोटातल्या लेकराची तपासणी मोठ्या शहरात होते म्हणे, तेही तुम्हीच दोघांनी ठरवायचं. तू ऑफिसमध्ये दहा जणांचं काम पाहते हे मी इथं पानठेल्यावर सांगत असतो, तुला कळतं सगळं. फक्त माहीत करून घ्या. आधी. शंभर-दोनशे रुपयांची टेस्ट असेल नाही तर हजाराची, पैसे मी पाठवतो. बघ, पुन्हा तिथंच आलो.

तुरीची डाळ ट्रॅव्हल्सवाल्याकडं दिली आहे, सकाळी घेऊन ये. निवडलेली नाही, आईला वेळ मिळाला नाही. पिशवीत खाली प्लास्टिकमध्ये तो कागद आहे, खराखुरा. झेरॉक्स मी ठेवली नाही.

आई विचारते आहे, मी नाही, त्या पोराची झाली का?

बाबा