जबडा दुखतो म्हणून दाढा घासू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कान दुखतो म्हणून तपासून घ्यावा, तर कानात काहीच निघत नाही. मग दाढ म्हणून रूट कॅनल करावे, तरी ठणका तसाच. अशा फेऱ्या मारणाऱ्या अनेकांचे दुखणे जबड्याच्या सांध्याचे किंवा तो हलवणाऱ्या स्नायूंचे असते. त्यावर ‘चावा (वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्याची ठेवण) बरोबर करून देतो’ असे सांगून निरोगी दाढा घासण्याचे आणि चांगल्या दातांवर कॅप चढवण्याचे प्रकार अजूनही होतात. ते थांबावेत यासाठी हे पत्र.

कानाच्या छिद्रापुढे बोट टेकवून सावकाश आ करा. बोटाखाली एक गोल हाड आधी जागच्या जागी फिरते आणि साधारण 20-25 मिलिमीटर तोंड उघडल्यावर पुढे सरकते. या हाडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक चिवट चकती असते. ती पुढे घसरलेली असेल, तर तोंड उघडताना डोके पुन्हा तिच्याखाली शिरते आणि कट् असा आवाज येतो. दुखत नसेल आणि तोंड पूर्ण उघडत असेल, तर या आवाजावर कोणताही उपचार लागत नाही. एमआरआयमध्ये चकती सरकलेली दिसली म्हणूनही घाबरू नये. काही त्रास नसलेल्या कित्येकांची चकती तशीच असते. आवाज अचानक बंद होऊन तोंडही कमी उघडू लागले, तर मात्र ताबडतोब दाखवावे. मोठ्या माणसाचे तोंड एरवी 40 ते 50 मिमी, म्हणजे स्वतःची तीन बोटे एकावर एक मावतील इतके उघडते. चकती अडकली की ते 25-30 मिमीवर येते आणि उघडताना हनुवटी दुखऱ्या बाजूला झुकते.

बहुतेकांच्या बाबतीत दुखतात ते स्नायू. गालावर तळवा ठेवून दाढा आवळा. हाताला जो गोळा लागतो तो त्यांतला मुख्य, आणि कानशिलावर पंख्यासारखा पसरलेला दुसरा. झोपेत दात खाणारे आपल्याला माहीत असतात. पण दिवसा काम करताना, वाचताना, वाहन चालवताना दातांवर दात दाबून धरण्याची सवय कोणाच्या लक्षातच येत नाही. तोंड मिटले की दात टेकलेलेच असायचे, ही समजूत चुकीची आहे. ओठ मिटलेले, दातांत 2-3 मिमी फट, जिभेचे टोक वरच्या पुढच्या दातांमागे टाळूला हलके टेकलेले, ही विश्रांतीची स्थिती. मोबाइलवर दर अर्ध्या तासाला आठवण लावून ती तपासा. एवढ्या एका गोष्टीने दोन-तीन आठवड्यांत पुष्कळ जणांना उतार पडतो.

सोबत दोन आठवडे मऊ अन्न, लहान घास आणि दोन्ही बाजूंनी चावणे. च्युइंगम बंद. जांभई येताना मुठीने हनुवटीला खालून आधार द्या. ओल्या गरम कापडाने 15-20 मिनिटे शेका आणि मग व्यायाम करा: जीभ टाळूला लावून ती सुटणार नाही इतकेच तोंड उघडा आणि मिटा, आरशात बघून सरळ रेषेत. सहा वेळा, दिवसातून सहादा. व्यायामानंतरही दुखणे रेंगाळले तर ताण जास्त झाला असे समजून कमी करा. मात्र तोंड पूर्ण मिटवून ठेवू नये, सांधा आखडतो. वेदनाशामक गोळ्या काही दिवसच, आणि जठरव्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा गर्भारपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नको.

रूट कॅनलला हो म्हणण्याआधी शंका असलेली दाढ बधिर करून बघायला सांगा. दाढ पूर्ण बधिर होऊनही दुखणे जात नसेल, तर मूळ दुसरीकडे आहे. गालाचा स्नायू दाबल्यावर तीच ओळखीची कळ आली, तर उत्तर मिळालेच.

नाइट गार्ड, म्हणजे रात्री दातांवर बसवायचे आवरण, दातांची झीज वाचवतो, दुखणे बरे करेलच असे नाही. घ्यायचाच तर कडक अॅक्रिलिकचा, सगळे दात झाकणारा, फक्त रात्री. केवळ पुढचे दात झाकणारा गार्ड दिवसरात्र घातला, तर मागच्या दाढा जागेवरून सरकून चावा कायमचा बिघडू शकतो. मऊ रबरी गार्डवर काही जण उलट जास्तच चावतात.

दातांच्या चाव्याला दोष देण्याची परंपरा 1934 मध्ये अमेरिकी कान-नाक-घसातज्ज्ञ जेम्स कॉस्टन यांच्या लेखापासून रुजली. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने 2023 मध्ये जुनाट दुखण्यासाठी दिलेल्या मार्गदर्शनात भर आहे तो देखरेखीखालचे व्यायाम, हाताने केलेले फिजिओथेरपीचे उपचार आणि संज्ञानात्मक वर्तन उपचार (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारे समुपदेशन) यांवर. चावा कायमचा बदलणारी उपकरणे आणि चकती काढण्याची शस्त्रक्रिया यांना तिथे स्पष्ट विरोध आहे. घासलेले इनॅमल परत येत नाही, एवढे कारणही पुरे होते.

जबड्याचे प्रत्येक दुखणे सांध्याचे नसते, हेही सांगायला हवे. पन्नाशीनंतर चावताना जबडा भरून येऊन थांबावे लागत असेल, कानशील ठणकत असेल, केस विंचरताना डोक्याची त्वचा दुखत असेल, तर तो धमनीदाह, म्हणजे कानशिलाजवळच्या रक्तवाहिन्यांची सूज, असू शकतो. त्यात दृष्टी जाऊ शकते, म्हणून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आणि चालताना, जिना चढताना जबडा दुखून थांबल्यावर राहत असेल, किंवा सोबत छातीत दाब आणि घाम असेल, तर दंतवैद्याकडे न जाता थेट रुग्णालयात जावे.

आपला,
एक दंतवैद्य