होम थिएटर रिसीव्हरच्या वॅट क्षमतेचा दिशाभूल करणारा दावा आणि बाहेरील अ‍ॅम्प्लिफायरबाबत दिलेला चुकीचा सल्ला : तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग,
मुख्य कार्यालय, मुंबई.

नागपूर, दिनांक १२ जून २०२५

महोदय,

धरमपेठेतील राहत्या घरासाठी मी यंदाच्या गुढीपाडव्याला आपल्या कंपनीच्या नागपुरातील अधिकृत दालनातून सात चॅनेलचा होम थिएटर रिसीव्हर (सात स्पीकरना आवाजाचा सिग्नल आणि शक्ती पुरवणारे यंत्र) विकत घेतला. पावती आणि हमीपत्राच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. हा रिसीव्हर चित्रपटातील मोठ्या आवाजाच्या प्रसंगी अचानक बंद पडतो, प्रोटेक्शनचा दिवा लुकलुकू लागतो आणि यंत्र बरेचसे थंड होईपर्यंत ते पुन्हा चालू होत नाही. यावर आपल्या सेवा केंद्राने ‘उत्पादनदोष आढळला नाही, ग्राहकाने बाहेरील अ‍ॅम्प्लिफायर लावावा’ असा शेरा लिहून माझी तक्रार बंद केली आहे. हा निकाल मला मान्य नाही.

या तक्रारीचे मूळ खरेदीच्या आधीचे आहे. मी तंत्रनिकेतनात विद्युत अभियांत्रिकी शिकवतो, त्यामुळे रिसीव्हर निवडण्यापूर्वी दालनाला ईमेल पाठवून सर्व तपशील कळवला होता. समोरचे तीन स्पीकर, म्हणजे डावा, उजवा आणि मधला, ४ ओहम विद्युत रोधाचे आहेत, २.८३ व्होल्ट दिल्यावर एक मीटर अंतरावर ते ८६ डेसिबल आवाज देतात. बसण्याची जागा त्यांच्यापासून तीन मीटरवर आहे. एवढे सांगून मी दोनच प्रश्न विचारले होते. हे स्पीकर या रिसीव्हरवर बाहेरील अ‍ॅम्प्लिफायरशिवाय नीट चालतील का, आणि पुढे कधी अ‍ॅम्प्लिफायर हवासा वाटला तर तो या रिसीव्हरला जोडता येईल का? दालनाने लेखी उत्तर दिले की, रिसीव्हर प्रति चॅनेल १५० वॅटचा असल्याने वेगळ्या अ‍ॅम्प्लिफायरची आवश्यकता नाही आणि भविष्यात तो जोडता येईल. ही दोन्ही विधाने चुकीची आहेत. त्या ईमेलची प्रतही सोबत आहे.

माझी अपेक्षा अवाजवी नव्हती, हे दाखवण्यासाठी थोडे गणित मांडतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. बंद खोलीत भिंतींच्या परावर्तनामुळे ही घट कमी असते, म्हणून तीन मीटरला सुमारे ७ डेसिबल धरू. चित्रपटगृहाच्या प्रमाण पातळीत एका मुख्य चॅनेलचा शिखर आवाज श्रोत्याच्या जागी १०५ डेसिबल धरतात. घरी आम्ही त्याहून बरेच हळू ऐकतो, म्हणून मी शिखर ९५ डेसिबलच धरले होते. त्यासाठी एक मीटरवर १०२ डेसिबल हवेत, म्हणजे स्पीकरच्या ८६ पेक्षा १६ डेसिबल अधिक, म्हणजेच सुमारे चाळीसपट शक्ती. ४ ओहमच्या स्पीकरमध्ये २.८३ व्होल्टला २ वॅट खर्च होतात, त्याच्या चाळीसपट ८० वॅट झाले. प्रति चॅनेल १५० वॅटची जाहिरात करणाऱ्या यंत्राकडून क्षणभराच्या शिखरासाठी ८० वॅटची अपेक्षा ठेवणे कोणत्याही दृष्टीने जास्त म्हणता येणार नाही.

परंतु ते १५० वॅट कोणत्या अटींवर मोजले आहेत, हे खोक्यावर, जाहिरातीत किंवा दालनातील फलकावर कुठेही लिहिलेले नाही. माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानांवर बारीक अक्षरांत ते सापडते : ६ ओहम, फक्त १ किलोहर्ट्झचा सूर, १० टक्के हार्मोनिक डिस्टॉर्शन (आवाजातील विकृती) आणि एकच चॅनेल चालू. १० टक्के डिस्टॉर्शन म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर क्लिप होऊन, म्हणजे क्षमता संपल्याने सिग्नलची टोके कापली जाऊन, आवाज उघडपणे फाटलेला असतो. त्या अवस्थेत कोणीही चित्रपट पाहत नाही. त्याच पानावर, ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ०.०८ टक्के डिस्टॉर्शन आणि दोन चॅनेल चालू असताना ८० वॅट, असा दुसरा आकडा आहे. सातही चॅनेल एकाच वेळी चालू असताना काय मिळते आणि ४ ओहमला काय मिळते, याबद्दल पुस्तिकेत एक शब्दही नाही. रिसीव्हरच्या मागील पाटीवर वीजवापर ४९० वॅट छापला आहे. ही संख्या ठरावीक चाचणीतील असते, कमाल मर्यादा नसते, हे मी जाणतो. तरीही सात चॅनेलचे दीडशे-दीडशे वॅट म्हणजे १०५० वॅट होतात, आणि एबी वर्गाच्या अ‍ॅम्प्लिफायरची कार्यक्षमता सिद्धांतानेही ७८.५ टक्क्यांपलीकडे जात नसल्याने त्यासाठी भिंतीतल्या सॉकेटमधून १३०० वॅटहून अधिक वीज ओढावी लागेल. या यंत्रातील ट्रान्सफॉर्मर तेवढ्या कामासाठी बनवलेलाच नाही.

केवळ आवाजाच्या मोठेपणाचा विचार केला तर १५० आणि ८० वॅट यांत २.७ डेसिबलचाच फरक आहे, आणि तेवढ्यावरून मी तक्रार केली नसती. खरा प्रश्न करंटचा आहे. ४ ओहमच्या स्पीकरला ८० वॅट देण्यासाठी सुमारे १८ व्होल्ट आणि साडेचार अँपिअर लागतात; तेच व्होल्टेज ८ ओहमच्या स्पीकरला दिले तर करंट निम्मा होतो. शिवाय ४ ओहम हे नाममात्र मूल्य असते, काही फ्रिक्वेन्सींना प्रत्यक्ष रोध त्याहून खाली जातो. असे तीन स्पीकर एकदम करंट मागतात, तेव्हा सर्व चॅनेलना मिळून असलेला एकच पॉवर सप्लाय दमतो, आउटपुट ट्रान्झिस्टर तापतात आणि प्रोटेक्शन सर्किट यंत्र बंद करते. सर्किट आपले काम चोख करते, त्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. या स्पीकरसाठी हा रिसीव्हर सुचवला गेला, ही तक्रार आहे.

घरी आलेल्या तंत्रज्ञाने प्रथम व्होल्टेजला दोष दिला. स्टॅबिलायझरनंतरचे व्होल्टेज मी त्याच्यासमोर मोजून दाखवले, ते २२८ होते. मग त्याने वायरिंग तपासले, त्यातही शॉर्ट सापडला नाही. शेवटी त्याने मेनूमधून इम्पीडन्स (स्पीकरच्या रोधाची सेटिंग) ४ ओहमवर ठेवला. त्यानंतर रिसीव्हर कमी वेळा बंद पडू लागला, पण मोठ्या प्रसंगात आवाज दबलेला आणि खरखरीत येऊ लागला, कारण ही सेटिंग अ‍ॅम्प्लिफायरला मिळणारे व्होल्टेजच कमी करते आणि त्याबरोबर उपलब्ध शक्तीही घटते. मधल्या स्पीकरमधील संवाद ऐकायला माझ्या वडिलांना आधीच कष्ट पडतात. त्यांच्या सोयीसाठी हा सगळा खर्च केला आणि आता नेमके संवादच अस्पष्ट झाले आहेत.

‘बाहेरील अ‍ॅम्प्लिफायर लावा’ हा सेवा केंद्राचा सल्ला तांत्रिकदृष्ट्या योग्य आहे. समोरचे तीन चॅनेल वेगळ्या अ‍ॅम्प्लिफायरवर गेले की रिसीव्हरच्या सप्लायवर फक्त मागच्या व बाजूच्या स्पीकरचा हलका भार उरतो. पण त्यासाठी रिसीव्हरला त्या चॅनेलचे प्री-आउट, म्हणजे न वाढवलेला सिग्नल बाहेरील अ‍ॅम्प्लिफायरला देणारे जोड, असावे लागतात, आणि मला विकलेल्या मॉडेलच्या मागे सबवूफर सोडून एकही प्री-आउट नाही. हे दाखवल्यावर तंत्रज्ञाने स्पीकरच्या टर्मिनलवरून सिग्नल घेणारा, गाड्यांच्या स्टिरिओला लावतात तसा, हाय-टू-लो कन्व्हर्टर वापरण्यास सांगितले. ज्या अ‍ॅम्प्लिफायरची अडचण आहे त्याच्यातूनच सिग्नल बाहेर काढून, त्याचा गोंगाट आणि डिस्टॉर्शन यांसह तो दुसऱ्या अ‍ॅम्प्लिफायरने वाढवायचा, असा याचा अर्थ होतो. आपल्यासारख्या कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राने हा उपाय सुचवावा, याचे मला मनापासून वाईट वाटले.

आणखी एक बाब नागपूरपुरती आहे, पण महत्त्वाची आहे. पुस्तिकेत या यंत्राचे कार्यतापमान ५ ते ३५ अंश सेल्सिअस दिले आहे. मे महिन्यात येथील पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि कूलर चालू असलेल्या दिवाणखान्यातही दुपारी ३५ अंशांच्या खाली येणे कठीण असते. रिसीव्हर मी उघड्या रॅकवर, वर आणि बाजूंना भरपूर जागा सोडून ठेवला आहे. दालनातील प्रात्यक्षिक मात्र वातानुकूलित खोलीत ८ ओहमच्या स्पीकरवर झाले होते. विदर्भात माल विकताना तापमानाची ही मर्यादा ग्राहकाला आधी सांगणे आपले कर्तव्य होते.

आपल्याच श्रेणीतील वरच्या मॉडेलला सर्व चॅनेलचे प्री-आउट आहेत आणि त्या वेळी ते दालनात उपलब्ध होते. मला खरे उत्तर मिळाले असते तर मी तेच घेतले असते, आणि तीन चॅनेलचा अ‍ॅम्प्लिफायर सवडीने नंतर घेतला असता. रिसीव्हर निवडताना वॅटच्या आकड्यापेक्षा प्री-आउट आहेत की नाहीत ही गोष्ट कितीतरी अधिक निर्णायक असते, कारण पुढची वाट तिथेच उघडते किंवा बंद होते.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(१०) नुसार विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे केलेल्या दाव्याच्या तुलनेत वस्तूत असलेली उणीव हा दोष ठरतो, आणि कलम २(२८) नुसार महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर लपवणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरते. त्यामुळे ‘उत्पादनदोष नाही’ एवढ्यावर आपली जबाबदारी संपत नाही. अमेरिकेत घरगुती अ‍ॅम्प्लिफायरच्या वॅटच्या जाहिरातींसाठी फेडरल ट्रेड कमिशनचा नियम १९७४ पासून आहे; भारतीय ग्राहकालाही मोजणीच्या अटी खोक्यावरच वाचायला मिळाव्यात, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

माझ्यापुरती मागणी अशी की, हा रिसीव्हर परत घेऊन मला प्री-आउट असलेले वरचे मॉडेल द्यावे. किमतीतील फरक भरण्यास मी तयार आहे. ते शक्य नसल्यास पूर्ण रक्कम परत करावी. दोन्ही पर्यायांत यंत्राची ने-आण कंपनीच्या खर्चाने व्हावी आणि सेवा केंद्राने बंद केलेली तक्रार पुन्हा उघडून त्यावरील शेरा दुरुस्त करावा.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. ते न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवीन आणि कलम ३४ नुसार तक्रारदाराच्या निवासाच्या ठिकाणी दाद मागता येत असल्याने नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करीन.

आपला,
(सही)
ग्राहक, धरमपेठ, नागपूर