मुलाच्या अठराव्या वाढदिवसाबद्दल कायदामंत्र्यांना खुले पत्र

मा. कायदामंत्री,
स. न. वि. वि.

आपण कोणत्या पक्षाचे आहात, याने या पत्रात फारसा फरक पडत नाही. वेश्याव्यवसायाचा विषय निघाला की सगळेच पक्ष आपली एरवीची भाषा विसरतात. सरकारने लोकांच्या व्यवहारात नाक खुपसू नये म्हणणाऱ्यांना इथे मात्र पोलीस हवे असतात. कष्टकऱ्यांच्या संघटनेसाठी गळा काढणारे या बाईला कष्टकरी म्हणायलाच तयार नसतात. बाईच्या देहावर तिचाच हक्क, असे गर्भपाताच्या चर्चेत तळमळीने सांगणारेही इथे पाय मागे घेतात.

भारताचा १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा घ्या. सज्ञान बाईने स्वेच्छेने, खासगीत देहविक्रय केला तर तेवढ्याने गुन्हा होत नाही. पण कलम ४ म्हणते, वेश्येच्या कमाईवर जाणूनबुजून जगणारी १८ वर्षांवरील कोणतीही व्यक्ती शिक्षेस पात्र. तुरुंगवास २ वर्षांपर्यंत. हे दलालांसाठी लिहिले असणार, मान्य. तरी एक घर डोळ्यांसमोर आणा. आईने धंदा करून पोराला वाढवले, शिकवले. सतराव्या वर्षापर्यंत तो तिचे लेकरू. अठरा सरले, कॉलेजची फी आईनेच भरली, रात्री तिनेच ताट वाढले, आणि कलमाच्या शब्दांत तो आता तिच्या कमाईवर जगणारा इसम. त्याच कायद्याच्या व्याख्येत दोघींनी मिळून, दोघींच्या कमाईसाठी वापरलेली खोलीसुद्धा कुंटणखाना ठरते. इंग्लंडमध्येही जवळपास हेच. एकटी राहिली तर कायद्यात बसते, पण जिवाला धोका. सोबतीण घेतली तर जीव सुरक्षित, पण धाड पडणार.

स्वीडनने १९९९ मध्ये वेगळी वाट धरली: विकणारी निर्दोष, विकत घेणारा गुन्हेगार. मला ते पूर्ण पटत नाही, पण त्यामागचा विचार कळतो. गोंधळ पुढे आहे. तिच्या उत्पन्नावर तेच सरकार कर घेते, आणि घरमालकाला तिचा धंदा कळूनही त्याने तिला राहू दिले तर तो दलालीत अडकू शकतो. कर भरणारीने राहायचे कुठे?

न्यूझीलंडने २००३ मध्ये हा व्यवसाय गुन्ह्यांच्या यादीतून काढला. बाजूने ६०, विरोधात ५९, एक तटस्थ. पक्षादेश नव्हता, ज्याने त्याने आपल्या विवेकाला स्मरून मत दिले. पूर्वी स्वतः हा व्यवसाय केलेल्या खासदार जॉर्जिना बेयर त्या चर्चेत बोलल्या. सौदा ठरल्यानंतरही गिऱ्हाइकाला नकार देण्याचा हक्क कायद्याने लिहून दिला. पुढे २०१४ मध्ये एका बाईने कुंटणखान्याच्या मालकाविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार केली आणि ती जिंकलीही. माझे मत याच बाजूला झुकते. पण तिथेही तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या बाईला हे काम करायला मनाई आहे. म्हणजे जिला मालक सहज धमकावू शकतो, नेमकी तीच पोलिसांकडे जायला घाबरणार.

हे लिहिताना मी धुतल्या तांदळाचा नाही. माझ्या शेजारची खोली अशा दोघींना भाड्याने द्यायची वेळ आली, तर सोसायटीच्या हरकतीच्या कागदावर मी सही करणार नाही, असे छातीवर हात ठेवून मला सांगता येत नाही. पण मी कायदे करत नाही. आपण करता.

म्हणून मागणी एवढीच. आपला विरोध किंवा पाठिंबा कशासाठी, ते कारण लिहून द्या आणि तेच कारण इतर धंद्यांनाही लावून दाखवा. गरिबीने ढकललेले काम ही खरी संमती नव्हे, असे म्हणणे असेल तर गटारात उतरणाऱ्या माणसाची संमती कशी चालते? मधल्यांकडून होणारी पिळवणूक खटकत असेल तर मधल्यांना धरा. जबरदस्ती करणाऱ्याला, अल्पवयीन मुलीला आणणाऱ्याला सोडा असे कोणीच म्हणत नाही. आणि कारण निव्वळ नीतीचे असेल तर तसे सरळ म्हणा. त्यावर निदान वाद घालता येईल.

एवढे सगळे लिहायला सवड नसेल, तर कलम ४ पुरतेच उत्तर द्या. त्या मुलाने पुढच्या सत्राची फी आईकडून घ्यायची की नाही?

आपला,
एक मतदार