कादंबरीला मुद्रितशोधकाइतकाच संपादकही हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठी पुस्तकांत शुद्धलेखनाच्या चुका वाढत चालल्याची तक्रार वाचकांच्या पत्रांतून अधूनमधून वाचावयास मिळते. ती रास्तच आहे. परंतु कादंबरी लिहिणारी म्हणून मला त्याहून मोठी वाटणारी एक उणीव येथे मांडायची आहे. आपल्याकडील बहुतेक हस्तलिखिते मुद्रितशोधकाकडे जातात, संपादकाच्या हाती मात्र पडतच नाहीत. ऱ्हस्वदीर्घ तपासणे आणि कादंबरी तपासणे ही दोन निराळी कामे आहेत, हे स्वतःच्या कादंबरीचे पुनर्लेखन करताना मला पुरते उमगले.

या कादंबरीला १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाची पार्श्वभूमी आहे. पहिल्या खर्ड्यात नायकाचे आजोबा साताऱ्याकडून मुंबईत कसे आले, बदली कामगार म्हणून गिरणीत कसे लागले, परळच्या चाळीत खोली कशी मिळाली, हे सारे सुरुवातीच्या प्रकरणांत क्रमाने येत होते. सुदैवाने एका जाणकार बाईंनी केवळ स्नेहापोटी, काहीही मोबदला न घेता, ते हस्तलिखित संपादकाच्या नजरेने वाचले. ही प्रकरणे काढून टाका, असे त्या म्हणाल्या नाहीत. समासात पेन्सिलीने त्यांनी एवढेच विचारले होते, ‘हे नायकाला कोणी सांगितले?’ त्या एका प्रश्नापायी मला जवळजवळ निम्मी रचना नव्याने करावी लागली. कारण उत्तर शोधू लागल्यावर ध्यानात आले की, घराचा इतिहास घरात कोणी सलग सांगत नसते, तो रेशनच्या रांगेत, भाऊबंदकीच्या भांडणात, गावाहून आलेल्या पाहुण्यासमोर तुकड्यातुकड्यांनी बाहेर पडतो. ती प्रकरणे गेली आणि त्यांतील जे टिकण्याजोगे होते, ते पुढील संवादांत मुरले.

संप लांबल्यावर आई आपल्या लग्नातला तांब्याचा हंडा मोडीत घालते, असा एक प्रसंग आहे. दुकानात नेण्यापूर्वी ती तो चिंचेने लख्ख घासते. त्यापुढे तिच्या मनातील कालवाकालवीवर मी एक परिच्छेद लिहिला होता आणि तो मला फार प्रिय होता. बाईंनी त्यावर काट मारली नाही. ‘घासते’ या शब्दानंतर एक बारीक उभी रेघ तेवढी ओढली. ते पान मी बाजूला ठेवले, पुन्हा काढले, मोठ्याने वाचून पाहिले आणि अखेर तो परिच्छेद स्वतःच्या हाताने खोडला. वजनावर विकायचे भांडे कोणी घासत बसत नाही. ती घासते, यातच सगळे आले होते.

अक्षरजुळणीनंतर मात्र उलट अनुभव आला. आजोबांच्या तोंडचे ‘व्हतं’, ‘न्हाई’, ‘लई’ हे शब्द सरसकट ‘होते’, ‘नाही’, ‘फार’ असे होऊन आले. याचा दोष मी मुद्रितशोधकाला देणार नाही. पानामागे ठरलेल्या तुटपुंज्या मोबदल्यात, नेमून दिलेले काम त्यांनी चोख केले होते. कोणते पात्र कसे बोलते याची टिपणे त्यांच्या हाती देणारे प्रकाशनसंस्थेत कोणी नव्हते. पुस्तक निघाले तेव्हा श्रेयपृष्ठावर मुखपृष्ठकार, अक्षरजुळणीकार आणि मुद्रक यांची नावे होती. बाईंचे नाव घालावे अशी विनंती मी केली होती, पण तशी प्रथा नाही, असे मला सांगण्यात आले.

खरे तर संपादनाची थोर परंपरा मराठीत आहे. ‘सत्यकथा’ मासिक व मौज प्रकाशन यांच्या माध्यमातून श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांशी पत्रव्यवहार करून कथा-कादंबऱ्या पुन्हा लिहून घेत असत. काही लेखकांना त्या शिस्तीचा जाच वाटला हेही खरे. तरीही आपले लिखाण कोणीतरी ओळ न् ओळ वाचणार आहे, या जाणिवेचे मोल मला आज फार वाटते. एका आवृत्तीच्या जेमतेम काही शे प्रती निघत असताना स्वतंत्र संपादक परवडत नाही, ही प्रकाशकांची अडचण मी समजू शकते. म्हणूनच शासनाने येथे हातभार लावावा. उत्कृष्ट प्रकाशनसंस्थेला दिला जाणारा राज्य शासनाचा पुरस्कार श्री. पु. भागवत यांच्याच नावाचा आहे. तो देताना त्या संस्थेकडे संपादक आहेत काय आणि त्यांची नावे पुस्तकांवर छापली जातात काय, हे आवर्जून पाहिले जावे. तसेच महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने नवलेखकांना अनुदान देताना त्यातील ठरावीक रक्कम केवळ संपादनासाठी राखून ठेवावी, अशी माझी मंडळाला आपल्या वृत्तपत्राद्वारे विनंती आहे.

आपली,
एक कादंबरीलेखिका, ठाणे